मेळाव्यात सापडलेला शिक्का

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याकडून कुणी नसत्या अपेक्षा ठेवणार नाही. डोणगावच्या एका वाचनालयात मी अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते आणि त्यातलं एकही वर्ष बिनभीतीचं गेलं नाही. पावसाळ्यात छताची भीती, उन्हाळ्यात वाळवीची, दिवाळीत फटाक्यांची आणि बारा महिने तपासणीची. एखाद्या वाचकाने मुदतीत पुस्तक परत केलं नाही, की मला वाटायचं हा आता पुस्तकासकट गाव सोडून गेला. मी मुद्दाम त्याच्या घरावरून चक्कर मारायची. दारात चपला दिसल्या की जिवात जीव यायचा.

लोकांना वाटतं, ग्रंथपालाचं काम म्हणजे पंख्याखाली बसून कादंबऱ्या वाचायच्या. बसायला मिळतं हे खरं; वाचायला मिळतं हे तितकंसं खरं नाही. नवं पुस्तक आलं की त्याला आधी दाखल क्रमांक द्यायचा, तो दाखल नोंदवहीत लिहायचा, कण्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि मग शिक्के मारायचे. पहिला शिक्का नावाच्या पानावर, दुसरा शेवटच्या पानावर आणि तिसरा गुप्त पानावर. हे गुप्त पान प्रत्येक वाचनालयाचं वेगळं असतं. चोर पहिलं आणि शेवटचं पान फाडून टाकेल, पण मधल्या कुठल्या पानावर शिक्का आहे ते त्याला ठाऊक नसतं, एवढीच त्यातली युक्ती. आमचं पान सदतिसावं होतं. आता ते बदललं आहे, म्हणून सांगते.

या कामात वर्षातून एक-दोनदा सणासारखे दिवस यायचे, ते मेळाव्याचे. जिल्ह्यातले ग्रंथपाल आणि पुस्तकं छापणारी, विकणारी मंडळी यांची गाठ पडावी म्हणून कुठल्या तरी तालुक्याच्या गावी मंगल कार्यालय घेतात. प्रकाशक टेबलं मांडतात. त्यावर असतात त्या नमुना प्रती, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत. आम्ही ती हाताळायची, बांधणी ओढून बघायची, अक्षर म्हाताऱ्या वाचकांना दिसेल का ते पाहायचं आणि मागणीच्या कागदावर नावं लिहून द्यायची. पुस्तकं मागाहून येतात.

पुण्याकडच्या प्रकाशकांची मला पहिली काही वर्षं फार धास्ती होती. ते इतकं स्वच्छ बोलायचे, की मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघायची. एकाला मी एकदा विचारलं, "याची बांधणी टिकून राह्यते का?" तर तो हसला आणि शेजारच्याला म्हणाला, किती गोड बोलतात नाही या. पुस्तकाच्या बांधणीबद्दल त्याने शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. धामणगाव बढ्याचे एक ग्रंथपाल होते, ते मात्र कुणाला घाबरायचे नाहीत. पुस्तक उघडून आधी नाकाला लावायचे आणि बांधणीची खळ कच्ची आहे असं प्रकाशकाच्या तोंडावर सांगून पुढच्या टेबलाकडे जायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा.

या सगळ्यांत मला भीती न वाटणारा एकच माणूस होता. रफिकभाऊ. देऊळगाव राजाचे. स्वतः छापलेली पुस्तकं पाच-सहाच, शेतीची आणि मुलांच्या गोष्टींची. बाकी ज्या लहान प्रकाशकांना आमच्या आडबाजूला यायला परवडत नाही, त्यांच्या नमुना प्रती खोक्यांत भरून ते एसटीने गावोगाव फिरायचे. पुस्तक वाचल्याशिवाय टेबलावर ठेवायचे नाहीत. मी एखादं उचललं तर म्हणायचे, "ताई, हे नका घेऊ. शेवट जमला नाही त्याले." असा विक्रेता मी दुसरा पाहिला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले, ती सांगते.

एका वर्षी आसपासच्या वाचनालयांचा छोटा मेळावा आमच्याच सभागृहात झाला. तो संपला तेव्हा रफिकभाऊंकडे दोनशेच्या वर पुस्तकांची चार खोकी उरली. पाठीत उसण भरली होती, त्यांना ती गाडीत चढवणं जमेना. म्हणाले, "ताई, तुमच्या हवाली करून राह्यलो. पंधरा दिवसांनी देऊळगावले मोठा मेळावा हाय, त्याच्या आधी घेऊन जातो." मी हो म्हणाले. खोकी माझ्या टेबलामागे लावून ठेवली आणि वर चादर टाकली. त्यांनी पावती मागितली नाही, मीही लिहून दिली नाही.

चारच दिवसांनी निरोप आला की सगळ्या वाचनालयांची पुस्तकं मोजायला माणसं येणार आहेत. पडताळणी. शनिवारी आमची पाळी.

माझ्या वाचनालयात एक गोष्ट होती, जी माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. दोन वर्षांपूर्वी मागच्या भिंतीला ओल आली होती आणि भिंतीलगतच्या कपाटात वाळवी शिरली होती. मी कपाट उघडलं तेव्हा पुस्तकं रांगेत नीट उभी दिसली, पण हात लावला तर पुठ्ठ्यांच्या आत नुसती माती. दोनशेच्या आसपास पुस्तकं. अशा वेळी काय करायचं ते मला पाठ होतं. समितीला सांगायचं, पंचनामा करायचा, ठराव करून ती पुस्तकं बाद करायची. पण तेव्हा नवीन अध्यक्ष आले होते, नामदेवराव. बाईच्या हाताने वाचनालय टिकेल का, असं ते चारचौघांत बोलून गेले होते. आमच्या वस्तीतली शिकून अशा खुर्चीवर बसलेली मी पहिली. मला वाटलं, हे कळलं तर खुर्ची गेली. मी ती माती पोत्यांत भरली आणि दोन-तीन दुपारी करून वाचनालयामागच्या खड्ड्यात पुरली. पुस्तकांना जपणाऱ्या बाईने पुस्तकं पुरली. नोंदवहीत मात्र ती सगळी जिवंत राहिली.

आता मोजणी झाली की दोनशे कमी भरणार. तेवढ्याने वाचनालयाचा वर्ग खाली येणार, अनुदान कमी होणार आणि का कमी भरली याचं उत्तर मला द्यावं लागणार. गुरुवारी दुपारी मी टेबलामागची चादर काढली.

मी स्वतःला समजावलं, की यात कुणाचं काही बिघडत नाही. मोजणारे पुस्तकाचं नाव बघत नाहीत. एक जण क्रमांक वाचतो, दुसरा कण्यावरची चिठ्ठी बघतो आणि मधूनच एखादं पुस्तक उघडून शिक्का आहे ना ते पाहतो. मी मेलेल्या पुस्तकांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहिले आणि त्या रफिकभाऊंच्या पुस्तकांच्या कण्यांवर अलगद चिकटवल्या. नावाच्या आणि शेवटच्या पानावर थेट शिक्का मारला नाही. कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर मारून तो तुकडा पातळ खळीने लावला. ओल्या फडक्याने निघून आला असता. इतका बारीक विचार मी आयुष्यात चांगल्या कामासाठी केला नव्हता.

शनिवारी दोन माणसं आली. त्यांनी मोजलं. त्या कपाटाशी आले तेव्हा माझा चेहरा बघून, पाणी पाहिजे का, असं त्यांनीच मला विचारलं. संख्या बरोबर भरली. नामदेवराव म्हणाले, बाई, काम चोख ठेवलं तुम्ही. त्या दिवशीचं ते कौतुक मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या चिठ्ठ्या आणि तुकडे काढले, पुस्तकं पुसली, वाळवली आणि खोक्यांत परत भरली. रफिकभाऊ मंगळवारी आले, खोकी घेऊन गेले. जाताना माझ्या मुलासाठी मुलांच्या गोष्टींचं एक पुस्तक देऊन गेले.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी देऊळगाव राजाचा मेळावा भरला. पहिल्या दिवशी हॉल गच्च भरला होता. आमचे खरात सर, म्हणजे मेळावा भरवणारे निवृत्त मुख्याध्यापक, टेबलाटेबलाशी फिरत होते. मी रफिकभाऊंपासून तीन टेबलं अलीकडे एका शब्दकोशाची पानं चाळत उभी होते. तेवढ्यात सरांचा आवाज आला. ते रफिकभाऊंच्या टेबलावरचं एक पुस्तक उघडून उभे होते.

"इंगळे बाई, जरा इकडं या," ते म्हणाले. "हा तुमच्या वाचनालयाचा शिक्का आहे ना?"

मी पाहिलं. पान सदतीस. जांभळा, गोल, ठसठशीत शिक्का.

तेव्हा मला कळलं. दोन्ही पानांवर तुकडे लावले, कण्याला चिठ्ठी लावली, आणि शिक्का हातात होताच. इतकी वर्षं हाताला जे वळण पडलं होतं, त्या वळणाने हात आपोआप सदतिसावं पान उघडून शिक्का मारून मोकळा झाला होता. दर पुस्तकाला. माझं लक्षच नव्हतं. माझं सगळं लक्ष दाराकडे होतं, कुणी येतंय का.

सरांनी दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं. प्रत्येकात शिक्का. भोवती माणसं जमली. पहिल्या-शेवटच्या पानावर काही नाही आणि मध्येच वाचनालयाचा शिक्का, म्हणजे चोराने पुढचा-मागचा शिक्का काढला आणि गुप्त पानाचा राहून गेला, हे ग्रंथपालाला समजावून सांगावं लागत नाही. कुणीतरी हळूच चोरी हा शब्द उच्चारला आणि मग तो हळू राहिला नाही. रफिकभाऊ खुर्चीवरून उठले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता, घाबरलेला नव्हता. ते म्हणाले, ही खोकी आठवडाभर डोणगावच्या वाचनालयात होती, मी ताईंकडं ठेवली होती, ताईलेच विचारा. त्याने तर आणखीच बिघडलं. खोकी ठेवायच्या निमित्ताने गेला आणि येताना वाचनालयाचीच पुस्तकं भरून आणली, असा हिशेब लोकांनी तिथल्या तिथे जुळवला.

सगळे माझ्याकडे बघत होते. रफिकभाऊ पण. त्यांना खात्री होती की मी आता बोलेन.

डोळ्यांपुढे तो खड्डा आला, पोती आली, नामदेवराव आले. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "नोंदवही पाहून सांगावं लागंल."

ग्रंथपालाचं हे ठरलेलं उत्तर आहे. कुणी काही विचारलं की आम्ही नोंदवहीमागे लपतो. सरांना ते रास्त वाटलं. ते म्हणाले, उद्या नोंदवही घेऊन या, तोवर ही पुस्तकं आम्ही कुलपात ठेवतो. रफिकभाऊंच्या टेबलावरचं सगळं उचलून मागच्या खोलीत नेलं. मी दुपारचीच गाडी पकडली. सिंदखेडराजावरून मेहकरपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलं की नाही, मला आठवत नाही.

दिवस मावळायच्या आत मी नामदेवरावांच्या घरी गेले आणि पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, आता मांगं फिरू नका. आपलीच पुस्तकं हायेत म्हना, नोंदवहीत नावं चढवून घ्या. चोरीले गेली होती, सापडली. दोनशे कमी होती, दोनशे भरली. तुमचीबी भीती गेली अन् वाचनालयाचंबी नाव राह्यलं."

"अन् रफिकभाऊचं?" मी विचारलं.

"तो काय, फिरता मानूस हाय," ते म्हणाले. "चार दिवसांत लोक इसरून जातील."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. त्या घरातून निघाले तेव्हा छाती हलकी झाली होती. मग वाचनालयात नोंदवही घ्यायला गेले आणि त्या रिकाम्या कपाटासमोर उभी राहिले. उद्या ही दोनशे पुस्तकं इथे येतील. मी त्यांना रोज पुसणार, रोज वाचकाच्या हातात देणार, रोज परत घेणार. निवृत्त होईपर्यंत ती माझ्यासमोर उभी राहणार. मला धाडस आलं असं लिहायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. एका भीतीपेक्षा दुसरी मोठी निघाली, इतकंच.

सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले तरी पोचायला अकरा वाजून गेले. रफिकभाऊंचं टेबल रिकामं होतं. ते बाहेर पाण्याच्या टाकीजवळ एकटेच खुर्ची टाकून बसले होते. आत गेल्यावर कळलं, ज्या लहान प्रकाशकांची पुस्तकं ते फिरवत होते त्यांतल्या तिघांना रात्रीतून फोन गेले होते आणि तिघांनीही आमची पुस्तकं आता तुम्ही नेऊ नका म्हणून कळवलं होतं. दोन ग्रंथपालांनी त्यांना दिलेल्या मागण्या परत घेतल्या होत्या.

मी खरात सरांना म्हणाले, मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे. त्यांनी माईक दिला. मी तो तोंडाच्या इतका जवळ धरला, की दातांना लागला. मी कपाटाचं सांगितलं, खड्ड्याचं सांगितलं, चिठ्ठ्यांचं आणि शिक्क्यांचं सांगितलं. पुस्तकं रफिकभाऊंची आहेत आणि गुन्हा माझा आहे, हे दोनदा म्हणाले. काही माना खाली गेल्या. काही जण एकमेकांकडे बघू लागले. पण समोरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दुसरा दिवस म्हणजे भाषणांचा. बरेच जण तिथल्या बालाजीच्या दर्शनाला गेले होते, काहींनी सकाळचीच गाडी धरली होती. आदल्या दिवशी ज्यांनी चोरी ऐकली होती, त्यांतल्या निम्म्यांनी हे ऐकलंच नाही.

मी बाहेर टाकीजवळ गेले. पाया पडायचं मनात होतं, पण त्यांनी हात पुढे करून थांबवलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, काल मी तुमच्याकडं पाहून राह्यलो होतो."

"हो भाऊ," मी म्हणाले. "दिसलं मले."

खोकी त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून रिक्षात ठेवली.

पुढचं थोडक्यात. समितीने स्वतःहून वरच्या कार्यालयाला कळवलं. मला लेखी समज मिळाली. वाचनालयाचा वर्ग एक पायरी खाली आला आणि पुढे परत मिळाला. मला काढून टाकायचा विषय बैठकीत निघाला होता, पण या मानधनात दुसरं कोण येतंय, असं नामदेवरावच म्हणाले आणि विषय तिथेच संपला. शिक्का बसलेलं पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही, म्हणून ती सगळी आम्ही रीतसर विकत घेतली. म्हणजे ज्यांना मी घाबरले होते ती पुस्तकं शेवटी माझ्या कपाटात आलीच. रफिकभाऊ मेळाव्यांना येत राहिले, कोपऱ्यातल्या टेबलावर, फक्त स्वतःची पाच-सहा पुस्तकं घेऊन. त्यांच्या टेबलाशी जे थांबायचे ते पुस्तक घेण्याआधी पान न् पान उलटून बघायचे, त्यांच्यासमोरच. ते शांतपणे बसून राहायचे. मी दरवेळी त्यांच्याकडे जायची. ते "या ताई" म्हणायचे. पण हे नका घेऊ, शेवट जमला नाही, असं त्यांनी मला पुन्हा कधी सांगितलं नाही.

मला निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. तरी मेळावा असला की मी जाते. या वर्षीच्या मेळाव्यात मी कोपऱ्याकडे निघाले, तेव्हा एका नव्या ग्रंथपाल मुलीने माझा हात धरला. चांगली, हुशार पोर. म्हणाली, "काकू, त्या टेबलावर नका जाऊ. त्यायच्याजवळ वाचनालयातली चोरलेली पुस्तकं असतात."

"कोणं सांगितलं?"

"सगळेच सांगतात. लई वर्षांपासून."

मी तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं. माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि जे इथे लिहिलं ते सगळं सांगितलं. तिचा आधी विश्वास बसेना. मग तिने कोपऱ्यात बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही माझ्यावर चिडेल. पण ती नोकरीत नवी होती, तिच्या मनात तीच भीती होती जी माझ्या मनात असायची. तिने विचारलं, "मंग काकू, तुमची नोकरी गेली का हो?"

"नाही," मी म्हणाले. "मी निवृत्त झाले तेव्हा याच मेळाव्यात माझा सत्कार झाला."